वेढा उठल्यावर

मधुमेहाच्या इतिहासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट प्रयोगशाळेत घडलेली नाही. ती घडली पॅरिसमध्ये, आणि घडवली प्रशियाच्या सैन्यानं.

१९ सप्टेंबर १८७० ला या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला. पुढचे चार महिने, म्हणजे २८ जानेवारी १८७१ पर्यंत, शहरात बाहेरून अन्नधान्य येणं जवळपास बंद झालं. गाई-मेंढ्या संपल्या, मग लोकांनी घोडे खाल्ले, मग कुत्री, मांजरं आणि उंदीर. शेवटी प्राणिसंग्रहालयातले दोन हत्तीसुद्धा खाटकाकडे गेले. याच शहरात आपोलिनेर बुशार्दा नावाचे डॉक्टर बरीच वर्षं मधुमेहाच्या रुग्णांवर उपचार करत होते. या काळात त्यांच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. अख्खं शहर उपासमारीनं हैराण, पण मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर मात्र कमी झालेली. काहींची तर गायबच!

बुशार्दांनी यातून सरळ निष्कर्ष काढला: शक्य तितकं कमी खा आणि अंगमेहनत करा. भाकरी हवी तर आधी घाम गाळा, अशा अर्थाचं ते रुग्णांना सुनवायचे. रोज लघवी तपासून साखर किती येते ते बघायलाही सांगायचे. म्हणजे आजच्या ग्लुकोमीटरचे पणजोबाच.

आता प्रश्न असा, की उत्तर जर दीडशे वर्षांपूर्वी मिळालं होतं, तर मग घोडं अडलं कुठे? आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. प्रत्येकाला 'वजन कमी करा' हे सांगून झालेलं असतं. माझ्या मते घोडं कुठे अडलं ते कळण्यासाठी हा इतिहास जरा सलग बघायला हवा.

सुश्रुताचे दोन रुग्ण

सुरुवात आपल्याकडूनच करू. 'आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' छापाचं लिहायचा इरादा नाही, पण श्रेय आहे तिथे द्यायला हवं. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितलेत. एक जन्मजात: यातला रुग्ण कृश, कमी खाणारा, सारखी तहान लागणारा. दुसरा चुकीच्या आहारविहारातून येणारा: हा रुग्ण स्थूल, भरपूर खाणारा, बैठक आणि अंथरूण न सोडणारा. (ओळखीचं कुणी आठवलं? :-) ) आजच्या 'टाइप वन' आणि 'टाइप टू'शी हे वर्णन बरंच जुळतं.

उपायही मजेदार आहेत. निर्धन रुग्णानं चपला आणि छत्री न घेता, भिक्षा मागून खात, एका गावात एकच रात्र मुक्काम करत शंभर योजनं चालावं. किंवा विहीर खणावी. आणि पुढचा भाग महत्त्वाचा: कृश रुग्णाला मात्र जपावं. म्हणजे सरसकट सगळ्यांना उपाशी ठेवू नका. चरकानंही प्रमेहासाठी जवाचा आहार मुख्य मानला होता.

त्यांच्याकडे निरीक्षण होतं, पण मोजमाप नव्हतं आणि 'का?' याचं उत्तर नव्हतं. बुशार्दांकडे मोजमाप होतं, पण 'का?' त्यांच्याकडेही नव्हतं. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. सर्व्हर रीस्टार्ट केला की प्रॉब्लेम जातो हे कळतं, पण का जातो ते कळत नाही. अशी सुधारणा टिकत नाही, कारण पुढच्या माणसाला ती पटवून देता येत नाही.

उपासमारीचा डॉक्टर

अमेरिकेत फ्रेडरिक अॅलन या डॉक्टरांनी १९१४ च्या सुमारास ही कल्पना टोकाला नेली. लघवीतली साखर जाईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचं आणि नंतर जेमतेम जगण्यापुरतं खायला द्यायचं. अडचण अशी, की त्यांच्या रुग्णांत 'टाइप वन'ची लहान मुलंही होती. या मुलांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही. त्यांच्यासाठी उपासमार म्हणजे उपचार नव्हता, मरण थोडं लांबवणं होतं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ अॅलनच्या या पथ्यावर तीन वर्षं तगली. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरँटोला पोहोचली तेव्हा तिचं वजन २० किलोच्या आसपास होतं.

टोरँटोला ती गेली, कारण १९२१ साली तिथे बँटिंग आणि बेस्ट यांना इन्शुलिन हाती लागलं होतं. कोलिप यांनी ते माणसाला देण्याइतकं शुद्ध केलं आणि हे सगळं घडलं मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. १९२३ ला नोबेलसुद्धा मिळालं. एलिझाबेथ तर १९८१ पर्यंत जगली. वैद्यकाच्या इतिहासात इतकी आनंदाची पानं फार नाहीत.

पण या आनंदात एक गोष्ट मागे पडली. उपासाचा उपचार मुलांसाठी क्रूर होता म्हणून तो सगळ्यांसाठीच मोडीत निघाला. गंमत म्हणजे १९२१ मध्येच बॉस्टनच्या एलियट जोस्लिन यांनी न्यू इंग्लंडमधल्या एका रस्त्याची हकिकत लिहिली होती. ओळीनं तीन घरं, त्यांत राहून गेलेली सात कर्ती माणसं, आणि त्यातली सहा मधुमेहानं गेलेली. जोस्लिन यांचं म्हणणं असं, की हीच माणसं विषमज्वरानं गेली असती तर सरकारी आरोग्य खातं धावत आलं असतं. मधुमेह लठ्ठपणातून येतो आणि तो टाळता येतो, हे ते बजावून सांगत होते. पण पुढच्याच वर्षी इन्शुलिन आलं आणि टाळण्याची गोष्ट कुणाच्या लक्षात राहिली नाही.

इन्शुलिन आहे, पण ऐकतो कोण?

१९३६ साली लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवलं, की सगळे मधुमेही सारखे नसतात. काहींच्या शरीराला इन्शुलिन दिलं की ते लगेच मानतं, काहींचं शरीर फारशी दादच देत नाही. पुढे १९६० च्या सुमारास रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्शुलिन मोजण्याची पद्धत शोधली (यॅलोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं, बर्सन तोवर वारले होते). तेव्हा कळलं, की प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्शुलिन आहे, भरपूर आहे, तरीही साखर वर आहे. निरोप जातोय, पण ऐकणारं कुणी नाही.

दरम्यान गोळ्या आल्या. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेल्ये इथे विषमज्वराच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध दिलं, तर त्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरली. त्यातून सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या निघाल्या. स्वादुपिंडाला पिळून जास्त इन्शुलिन काढायचं, हे त्यांचं काम. दुसरी मेटफॉर्मिन. युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती आहे, तिच्यातल्या रसायनाशी नातं सांगणारं हे औषध. पॅरिसच्या जाँ स्टेर्न यांनी १९५७ मध्ये माणसांवरचे निष्कर्ष छापले आणि औषधाला नाव दिलं 'ग्लुकोफाज', म्हणजे ग्लुकोज खाणारा. ते मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करतं. अमेरिकेत मात्र ते १९९५ ला मिळू लागलं.

गोळ्यांना कमी लेखायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये १९७७ पासून नव्यानं निदान झालेल्या ५,१०२ रुग्णांचा एक प्रचंड अभ्यास चालला. १९९८ मध्ये त्याचे निकाल आले. साखर काबूत ठेवली की डोळे आणि मूत्रपिंडांचं नुकसान कमी होतं हे सिद्ध झालं. वजनदार रुग्णांच्या गटात मेटफॉर्मिनमुळे मृत्यूचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी दिसलं.

याच अभ्यासातून एक निराश करणारी गोष्टही पुढे आली. एका औषधावर भागणाऱ्यांची संख्या दरवर्षी घटत जाते. नऊ वर्षांनी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना एकापेक्षा जास्त औषधं लागली. त्यातून समज पक्का झाला, की हा रस्ता एकेरी आहे. आज एक गोळी, उद्या दोन, परवा इन्शुलिन. आपल्या घरांत जे 'एकदा गोळी सुरू झाली की कायमची' असं म्हणतात, त्याला या आकड्यांचा भक्कम आधार होता.

सर्जन म्हणाला, 'असं कुणाला वाटलं असतं?'

या समजाला पहिला तडा एका सर्जननं दिला. अमेरिकेचे वॉल्टर पोरीज अतिस्थूल लोकांचं जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करायचे. त्यातल्या मधुमेही रुग्णांची साखर काही दिवसांतच उतरायला लागायची, वजन फारसं घटायच्या आतच. १९९५ च्या त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'असं कुणाला वाटलं असतं?' असा प्रश्न आहे. बुशार्दांना वाटलं असतं!

बहुतेकांनी याचं श्रेय आतड्यातल्या हार्मोन्सना दिलं. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी साधी शंका काढली. शस्त्रक्रियेनंतर माणूस जवळजवळ काहीच खात नाही. मग ही करामत शस्त्रक्रियेची की न खाण्याची?

टेलर यांची मांडणी इंजिनिअरला लगेच कळण्यासारखी आहे. वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त खाल्लं की चरबी यकृतात साचते. चरबीनं भरलेलं यकृत इन्शुलिनचं ऐकत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. ती आवरायला स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. जास्त इन्शुलिनमुळे यकृतात आणखी चरबी तयार होते. यकृतातून ती चरबी बाहेर पडते आणि स्वादुपिंडात जाऊन बसते, मग तेही थकतं. शुद्ध फीडबॅक लूप! आणि लूप आहे म्हणजे ती उलटी फिरवता यायला हवी.

२०११ मध्ये त्यांनी ते करून दाखवलं. मधुमेहाचं निदान होऊन चार वर्षं झाली नव्हती अशा ११ रुग्णांना आठ आठवडे रोज साधारण ६०० कॅलरी. एका आठवड्यात उपाशीपोटीची साखर सरासरी १६६ वरून १०६ वर आली. आठ आठवड्यांत यकृत आणि स्वादुपिंड दोन्हींतली चरबी घटली आणि स्वादुपिंड पुन्हा वेळेवर इन्शुलिन सोडू लागलं. दीडशे वर्षं हुकलेलं 'का?' आता एमआरआयच्या चित्रात दिसत होतं.

पाठोपाठ टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधल्या साध्या दवाखान्यांतून मोठा प्रयोग केला. रुग्ण २९८. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या थांबवून तीन ते पाच महिने रोज साडेआठशेच्या आतबाहेर कॅलरी. वर्षानं, म्हणजे २०१७ मध्ये, निकाल आला: ४६ टक्के लोक रेमिशनमध्ये, म्हणजे गोळ्या बंद आणि एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली. नेहमीच्या उपचारांवरच्या गटात हेच प्रमाण ४ टक्के. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त घटलं, त्यांच्यात तर ८६ टक्के.

आणि मग वेढा उठतो

इथे गोष्ट संपवली असती तर व्हॉट्सअॅपवर फिरवण्यासारखा छान फॉरवर्ड झाला असता. पण पुढचे आकडे बघा. दोन वर्षांनी रेमिशन ३६ टक्क्यांवर आलं. पाच वर्षांनी, ज्यांचा पाठपुरावा चालू राहिला त्यांच्यात, जेमतेम १३ टक्के. कारण साधं आहे: वजन परत आलं.

हेच एका अख्ख्या देशात घडलेलं आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबाचं तेल-धान्य आटलं. बस बंद, म्हणून लोक पायी आणि सायकलवर. जेवण तुटपुंजं. १९९५ पर्यंत लोकांचं वजन सरासरी साडेपाच किलोंनी घटलं आणि १९९६ ते २००२ या काळात मधुमेहानं होणारे मृत्यू निम्म्यावर आले. मग परिस्थिती सुधारली, वजनं परत चढली (या वेळी आधीपेक्षा जास्त) आणि मृत्यूही पुन्हा वाढायला लागले. शिवाय त्या टंचाईच्या काळात कुपोषणामुळे हजारो क्युबन लोकांची दृष्टी अधू झाली होती, तेही विसरायला नको. वेढा ही काही हौसेनं घालून घ्यायची गोष्ट नाही.

मला या सगळ्यातून दिसतं ते एवढंच: पॅरिसमधल्या त्या रुग्णांनी जिभेवर ताबा मिळवला नव्हता. शहरात खायला नव्हतं. क्युबातले लोक अचानक निग्रही झाले नव्हते, बस बंद होत्या. आणि वेढा उठल्यावर वजन वाढलं, तेव्हा ते एकाएकी आळशी झाले असंही नव्हे. बदलली ती परिस्थिती. आपण मात्र मधुमेह झालेल्या माणसाला पहिलं वाक्य काय ऐकवतो? 'तरी सांगत होते, गोड कमी खा.'

नवी औषधंसुद्धा हेच दाखवतात. हीला मॉन्स्टर नावाच्या अमेरिकन सरड्याच्या विषात जॉन एंग यांना १९९२ मध्ये एक रसायन सापडलं. त्यातून २००५ ला या गटातलं पहिलं औषध आलं आणि पुढे त्याच वाटेनं आज गाजणारी वजन उतरवणारी इंजेक्शनं. ती भूकच कमी करतात, म्हणजे वेढा थेट मेंदूत. मधुमेह नसलेल्या स्थूल लोकांवरच्या एका चाचणीत सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. सुई थांबली, वेढा उठला.

'पण मी कुठे जाडा आहे?'

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि त्याचं उत्तर पुण्यात मिळालं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं, असंही त्यांनी मिश्कीलपणे नोंदवलंय. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण त्या मानानं कातडीखालची चरबी मात्र आपल्या बाळांनी राखलेली. आपण बारीक दिसतो, पण आतून तसे नसतो. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ नाही, २३ धरतात.

टेलर यांनी याला प्रत्येकाची आपली चरबीची मर्यादा असं रूप दिलं. कुणाची १२० किलोंना ओलांडली जाते, कुणाची ६८ ला. २०२३ च्या त्यांच्या छोट्या अभ्यासात सरासरी २४.८ बीएमआयच्या २० रुग्णांपैकी १४ जण रेमिशनमध्ये गेले, वजन सरासरी १०.७ टक्के घटल्यावर. ७० किलोच्या माणसासाठी हे सात-साडेसात किलो झाले.

आणि मधुमेह व्हायच्या आधीच हातपाय हलवले तर वेढ्याचीही गरज नसते. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये धोक्याच्या उंबरठ्यावरच्या ५७७ लोकांवर प्रयोग सुरू झाला. सहा वर्षं आहार आणि व्यायामाची साधी शिस्त. तीस वर्षांनी बघितलं तर त्यांचा मधुमेह सुमारे चार वर्षांनी लांबला होता आणि हृदयविकारही कमी झाले होते. अमेरिकेत २००२ मध्ये ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम या ध्येयानं धोका ५८ टक्के कमी झाला, मेटफॉर्मिननं ३१ टक्के. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात ५३१ भारतीयांमध्ये आहार-व्यायामानं २८.५ टक्के आणि मेटफॉर्मिननं २६.४ टक्के. आपल्याकडचा आकडा लहान आहे, पण खरा आहे.

थोडक्यात काय, तर पथ्य की गोळ्या हे भांडणच चुकीचं आहे. निदान होऊन थोडीच वर्षं झाली असतील तर वजन उतरवून रोग मागे रेटता येण्याची शक्यता चांगली असते. जुन्या रुग्णाचं स्वादुपिंड तितकी साथ देईलच असं नाही, आणि तिथे गोळ्या-इन्शुलिन घेणं म्हणजे हार मानणं नव्हे. आणि हे वाचून कुणी घरच्यांच्या गोळ्या परस्पर बंद करू नका किंवा त्यांना उपास धरायला लावू नका. सल्फोनिलयुरिया किंवा इन्शुलिन चालू असताना एकदम खाणं तोडलं, तर माँपेल्येच्या रुग्णांचं झालं तेच होऊ शकतं. डॉक्टरांना विचारूनच काय ते करा.

बाकी आपल्या हातात आहे ते परिस्थितीचं. दिवसाचे दहा तास आपण खुर्चीत बसतो, हाकेच्या अंतरावर बिस्किटांचं मशीन, रात्री साडेअकराला बिर्याणी दारात. यात निग्रहावर विसंबणं म्हणजे रोज नवी लढाई, आणि रोज कोण जिंकतो? त्यापेक्षा बिस्किटं घरात आणूच नयेत, जेवणाचा डबा न्यावा, फोनवरचं बोलणं चालत चालत करावं. तिशीत एकदा एचबीए१सी तपासून घ्यावी, विशेषतः आई-वडिलांना मधुमेह असेल तर. आणि आई-वडिलांशी बोलताना 'तुमचा जिभेवर ताबा नाही' हे वाक्य तेवढं गाळावं. त्याऐवजी संध्याकाळी त्यांच्याबरोबर अर्धा तास चालायला जावं. शंभर योजनं नाही, कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन आलं तरी सुरुवात होते.